इंग्रजी साहित्याने कल्पिलेली नवी जगे

(हीरक महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहात दिलेले व्याख्यान. छापताना थोडा संक्षेप केला आहे.)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात इंग्रजी साहित्यावर बोलणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. माझे समर्थन एवढेच की, ज्या काळाविषयी मी बोलणार आहे त्या काळी इंग्रजी ही जगाची भाषा नव्हती. युरोपच्या एका कडेला असलेल्या बेटावरची ती भाषा. समुद्र ओलांडला की ती कोणाला कळत नसे, आणि खुद्द त्या बेटावरचे विद्वान आपले गंभीर ग्रंथ लॅटिनमध्ये लिहीत. अशा ठिकाणच्या माणसांनी, आपण कधीही न पाहिलेली जगे कशी कल्पिली, याची ही हकीकत आहे. चौदाव्या शतकाच्या आरंभापासून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, साडेतीनशे वर्षांचा हा पट एका तासात उलगडणे मला जमणार नाही. जी पुस्तके मला जिवाभावाची वाटतात त्यांच्यापाशी मी थांबेन आणि उरलेल्यांना नुसता नमस्कार करून पुढे जाईन.

मध्ययुगीन इंग्रज माणसाला दुसरे जग फार दूर वाटत नसे. ‘सर ऑर्फिओ’ नावाच्या काव्यात राजाची राणी पऱ्यांचा राजा पळवून नेतो. तिच्या मागावर निघालेला राजा एका खडकाच्या कपारीत शिरतो, आतल्या आत तीन मैल चालतो, आणि पलीकडे त्याला सपाट हिरवा मुलूख व स्फटिकाचा किल्ला दिसतो. जहाज नाही, नकाशा नाही, होकायंत्र नाही. त्याच शतकातल्या दुसऱ्या एका काव्यात स्पेनच्या पश्चिमेला समुद्रात कोकेन नावाचा देश आहे. नाव ऐकून कोणी दचकू नये. त्या मादक द्रव्याशी याचा संबंध नाही. तिथे तेलाच्या, दुधाच्या, मधाच्या आणि मद्याच्या नद्या वाहतात, मठाच्या भिंती मांस भरलेल्या पक्वान्नांच्या आहेत, आणि भाजलेले राजहंस सळईसकट उडत येऊन स्वतःच्या गरमपणाची स्वतःच द्वाही फिरवतात. स्वर्गात काय, नुसती फळे आणि प्यायला पाणी, असे कवी नाक मुरडून सांगतो. या देशात पोहोचण्याची अट मात्र कठीण आहे: डुकरांच्या उकिरड्यातून, हनुवटीपर्यंत बुडून, सात वर्षे चालावे लागते. काव्याचा रोख ऐदी साधूंवर आहे हे उघड आहे. तरी ते ज्या हस्तलिखितात सापडते ते आयर्लंडमधले, साधारण १३३० च्या सुमाराचे आहे, आणि १३१५ ते १३१७ या वर्षांत उत्तर युरोपात भीषण दुष्काळ पडून गेला होता, हे विसरून चालणार नाही. जेवणाची एवढी सविस्तर स्वप्ने भरल्या पोटी पडत नाहीत.

आता ज्या पुस्तकाकडे वळतो ते त्या काळी घरोघर गाजलेले. सर जॉन मँडेव्हिल याची प्रवासवर्णने. मूळ पुस्तक १३५७ च्या आसपास फ्रेंचमध्ये लिहिले गेले आणि शतक संपायच्या आत इंग्रजीत आले. आपण सेंट ऑल्बन्सचे सरदार, १३२२ साली घर सोडले आणि सारी पृथ्वी पाहिली, असे लेखक सांगतो. अभ्यासकांचे मत असे की या गृहस्थाने प्रवास केला असेल तर तो बहुधा एका ग्रंथालयापुरता. इतरांनी लिहिलेली वर्णने समोर ठेवून, त्यांत मीठमसाला घालून त्याने पुस्तक सिद्ध केले. कुत्र्याच्या तोंडाची माणसे, छातीवर डोळे असलेली मस्तकहीन माणसे, एकाच भल्या मोठ्या पावलाची सावली करून उन्हात निजणारी माणसे, सगळी मंडळी त्यात हजर आहेत. आणि ती बहुतेक राहतात कुठे? हिंदुस्थानात, किंवा हिंदुस्थानच्या आजूबाजूच्या बेटांवर. त्या काळच्या युरोपच्या लेखी जगातले सारे अद्भुत आपल्याकडे साठवलेले होते.

त्यातला एक तुकडा मराठी श्रोत्यांसमोर सांगितलाच पाहिजे. पुस्तकात ‘चाना’ नावाचे एक बेट येते. समुद्राने त्याचा बराच भाग गिळला आहे, तिथल्या राजाने पूर्वी सिकंदराशी युद्ध केले होते, आणि तिथले उंदीर कुत्र्यांएवढे असतात. मांजरांचा त्यांच्यापुढे निभाव लागत नाही म्हणून मोठे कुत्रे घालून त्यांना पकडावे लागते. हे ‘चाना’ म्हणजे आपले ठाणे. ओडोरिक नावाचा एक इटालियन धर्मोपदेशक १३२२ च्या सुमारास खरोखरच ठाण्याला आला होता. १३२१ साली तिथे मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंच्या अस्थी घेऊन तो पुढे चीनला गेला. त्याच्या वृत्तान्तातून मँडेव्हिलने हा भाग उचलला. पोरस राजाला पंजाबातून उचलून ठाण्यात बसवले, ही ओडोरिकची चूक. पण उंदरांचे काय? ज्याने कोकणातल्या घराच्या मागीलदारी रात्री घूस पाहिली आहे, तो ओडोरिकला खोटे म्हणणार नाही. डोळ्यांनी पाहिलेली घूस सात-आठ वर्षे स्मरणात राहिली, मग लेखनिकाच्या कागदावर उतरली, तिथून मँडेव्हिलच्या पुस्तकात गेली, आणि इंग्लंडातल्या वाचकाने ती मस्तकहीन माणसांच्या शेजारच्याच पानावर वाचली. अद्भुत जगे पुष्कळदा अशीच तयार होतात. मुळाशी एखादी घूस असते.

मँडेव्हिलचा मोठेपणा मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. परदेशी धर्माचारांविषयी लिहिताना त्याची लेखणी सहसा विखारी होत नाही. ब्राह्मणांच्या बेटावरची माणसे ख्रिस्ती नसली तरी सदाचरणी आहेत आणि देवाला ती प्रिय आहेत, असे तो चौदाव्या शतकात लिहून जातो. दुसरी गोष्ट, पृथ्वी गोल आहे आणि तिला प्रदक्षिणा घालता येईल हे तो ठामपणे मांडतो. आणि त्यासाठी तो एक गोष्ट सांगतो. लहानपणी ऐकलेली, असे म्हणतो. एक मनुष्य जग पाहायला निघाला. हिंदुस्थान मागे पडला, त्यापलीकडची पाच हजारांवर बेटे मागे पडली, आणि शेवटी एका भूमीवर त्याच्या कानावर त्याची स्वतःची भाषा आली. कोणी शेतकरी नांगराच्या बैलांना हाकत होता. इतक्या दूर ही भाषा कशी, याचे त्याला परम आश्चर्य वाटले. आणि काही उलगडा न झाल्यामुळे तो आल्या वाटेने, सगळी पृथ्वी उलटी तुडवत, परत फिरला. मँडेव्हिलचे म्हणणे, तो पृथ्वीला वळसा घालून आपल्याच मुलखाच्या वेशीशी पोहोचला होता, पण त्याला ते कळले नाही.

जगाच्या टोकाला पोहोचलेल्या माणसाला ओळखीची वाटते ती राजाची आज्ञा नाही, चर्चमधली प्रार्थना नाही. बैलांशी बोलण्याची भाषा. परप्रांतातल्या रेल्वेच्या गर्दीत पाठीमागून मराठी वाक्य कानावर पडताच ज्यांची मान आपोआप वळते, त्या आपल्यासारख्यांना याचा अर्थ निराळा सांगायला नको.

या पुस्तकावर पुढची अडीचशे वर्षे लोकांनी विश्वास ठेवला. १५७६ साली मार्टिन फ्रोबिशर वायव्येकडून चीनला जाण्याचा मार्ग शोधायला निघाला तेव्हा जहाजावर मँडेव्हिल बरोबर होता. १५९५ साली सर वॉल्टर रॅले सोन्याच्या नगरीच्या शोधात दक्षिण अमेरिकेतील गयानात गेला. परत आल्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने मस्तकहीन माणसांच्या एका जमातीची ऐकीव माहिती दिली आणि साक्षीला मँडेव्हिललाच उभे केले. आठ-नऊ वर्षांत शेक्सपिअरचा ऑथेल्लो रंगमंचावर आला. आपण डेस्डिमोनाचे मन कसे जिंकले ते सांगताना तो याच खांद्याखाली डोके असलेल्या माणसांच्या कथांचा उल्लेख करतो. एक कल्पित माणूस प्रवासवर्णनातून साम्राज्याच्या अहवालात आणि तिथून नाटकात शिरला, आणि वाटेत कोणीही त्याला अडवले नाही.

यानंतर थॉमस मोर. लंडनचा वकील, पुढे इंग्लंडच्या राजाचा प्रमुख मंत्री, आणि १५३५ साली त्याच राजाच्या हुकमाने शिरच्छेद झालेला. त्याचे ‘यूटोपिया’ हे पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले, तेही लॅटिनमध्ये. आज हा शब्द आपण आदर्श पण अशक्य राज्यासाठी वापरतो. ग्रीकमधून मोरने तो स्वतः घडवला, अर्थ ‘कुठेही नसलेली जागा’. या बेटाची हकीकत सांगणारा राफाएल हिथ्लोडे हाही कल्पित. अमेरिगो व्हेस्पुचीच्या शेवटच्या सफरीत मागे राहिलेल्या चोवीस खलाशांपैकी तो एक. तिथून देशोदेशी हिंडत, यूटोपियात पाच वर्षे राहून, तो सिंहलद्वीपावरून कालिकतला येतो, आणि तिथे पोर्तुगीज जहाज मिळून मायदेशी परततो. वास्को द गामा कालिकतला उतरल्याला तेव्हा वीसही वर्षे झाली नव्हती. खऱ्या बंदराच्या खुंटीला कल्पित बेट टांगण्याची ही युक्ती मोरनंतर असंख्य लेखकांनी वापरली.

मोरचा विनोद फार कोरडा आहे. हे बेट नेमके आहे कुठे, ते विचारायचे राहूनच गेले, असे तो प्रस्तावनेच्या पत्रात मित्राला कळवतो. मित्र दुसऱ्या पत्रात लिहितो की हिथ्लोडे ते सांगत होता, पण नेमके तेव्हाच कोणीतरी खोकले. आणि एका धर्मपंडिताला म्हणे यूटोपियाचा बिशप व्हायची इतकी घाई झाली होती की तो नेमणुकीच्या खटपटीला लागला होता.

बेटावर चोपन्न शहरे. प्रत्येकाने रोज सहा तास काम करायचे. खासगी मालमत्ता नाही. सोन्याचा उपयोग शौचपात्रांसाठी आणि गुलामांच्या बेड्यांसाठी. परदेशचे वकील अंगभर सोने लेवून येतात, तेव्हा रस्त्यावरचे लोक त्यांच्या साध्या वेषातल्या नोकरांनाच नमस्कार करतात. आणि एक मुलगा आईला विचारतो, एवढा थोराड झाला तरी हा लहान पोरांसारखे खडे-मणी का घालतो? आई त्याला गप्प करते: हा बहुधा वकिलाबरोबरचा विदूषक असावा.

हे सारे गमतीचे वाटते. पण पहिल्या भागात मोरने इंग्लंडचे जे वर्णन केले आहे त्याच्याशेजारी ठेवून वाचावे लागते. लोकरीला भाव आला म्हणून जमीनदारांनी गावकुसाबाहेरची सामाईक राने कुंपणे घालून मेंढ्यांसाठी बळकावली, कुळे देशोधडीला लागली, ती चोऱ्या करू लागली, आणि चोरीला शिक्षा फाशीची. मेंढ्याच आता माणसे खाऊ लागल्या आहेत, हा हिथ्लोडेचा आरोप प्रसिद्ध आहे. नव्या जगाची कल्पना इथे आपल्या जगाकडे बोट दाखवण्यासाठी केली आहे. तरीही या बेटाला मी आदर्श म्हणणार नाही. तिथे गुलाम आहेत. आणि लोकसंख्या वाढली की यूटोपियाचे लोक शेजारच्या भूमीवर वसाहत करतात. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला तर युद्ध. जे जमीन पडीक ठेवतात त्यांना ती अडवून ठेवण्याचा हक्क नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुढच्या शतकात अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांनी हाच युक्तिवाद केला. कोणी कोणापासून शिकले हे मी ठरवत नाही. परंतु ज्या पुस्तकाने कुंपणाविरुद्ध एवढा टाहो फोडला त्याच पुस्तकात हे कुंपण आहे, हे वाचकाने पाहिले पाहिजे.

पालकांसाठी एक तपशील खास राखून ठेवला आहे. यूटोपियात मुले सर्व विद्या आपल्याच भाषेत शिकतात. ती भाषा शब्दसंपन्न आहे, कानाला गोड आहे आणि मनातला आशय तिच्यात चांगला उतरतो, असे हिथ्लोडे आवर्जून सांगतो. पुढे तिथले काही लोक हौसेने ग्रीक शिकतात आणि तीन वर्षांच्या आत उत्तम शिकतात. आता हे छापले गेले कोणत्या भाषेत? लॅटिनमध्ये. वाचले कोणी? ज्यांना शाळेत इंग्रजी बोलल्याबद्दल छडी मिळत होती अशा लोकांनी. स्वभाषेतून शिक्षण ही कल्पना १५१६ साली एका इंग्रजाला सोन्याच्या शौचपात्राइतकीच विलक्षण वाटत होती. पहिल्या आवृत्तीत यूटोपियाच्या भाषेची वर्णमालाही छापली आहे. हे पुस्तक इंग्रजीत आले ते १५५१ साली, राल्फ रॉबिन्सनच्या अनुवादातून. तेव्हा मोरला जाऊन सोळा वर्षे झाली होती.

यानंतरचे जग कल्पित राहिले नाही. १५८५ साली रॅलेने पाठवलेले लोक अमेरिकेच्या रोआनोक बेटावर उतरले. त्यांच्यात थॉमस हॅरियट नावाचा तरुण गणिती होता. त्याच्याविषयी मला फार आदर आहे. आदल्या वर्षी तिकडचे दोन रहिवासी, मँटियो आणि वँचीझ, इंग्लंडला आणले गेले होते. त्यांच्यापासून हॅरियटने त्यांची भाषा शिकून घेतली आणि तिचे ध्वनी टिपण्यासाठी स्वतंत्र लिपी रचली. १५८८ साली त्याने एक छोटा वृत्तान्त प्रसिद्ध केला. कोणती झाडे, कोणते मासे, मक्याची शेती कशी, हे सांगता सांगता तो एक भयंकर गोष्ट नोंदवतो: इंग्रज ज्या गावांतून जात त्या गावांत, ते निघून गेल्यावर थोड्याच दिवसांत, माणसे पटापट मरू लागत. तिथल्या लोकांना वाटे, हे पाहुणे न दिसणाऱ्या गोळ्या झाडतात. रोगजंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. तिथल्या लोकांचा तर्क सत्याच्या बराच जवळ होता. रोआनोकची दुसरी वसाहत पुढे नाहीशी झाली. १५९० साली मदत पोहोचली तेव्हा तिथे माणूस नव्हता, लाकडावर कोरलेला एका बेटाच्या नावाचा एकच शब्द होता.

शेक्सपिअरचे ‘द टेम्पेस्ट’ १६११ साली दरबारात झाले. दोन वर्षांपूर्वी व्हर्जिनियाला निघालेले एक इंग्रज जहाज बर्म्युडाच्या खडकांवर आदळले होते आणि त्यावरची माणसे आश्चर्यकारकरीत्या वाचली होती; ती वार्ता या नाटकाच्या मागे आहे. बेटावर हद्दपार ड्यूक प्रॉस्परो आणि त्याची मुलगी मिरांडा. बेट मूळचे कॅलिबनचे. एक वृद्ध सरदार व्यापार, कायदे, मालक-नोकर काहीच नसलेल्या राज्याचे स्वप्न बोलून दाखवतो, आणि लगेच त्याचे सोबती त्याची टिंगल करतात: राजा नको म्हणतो, पण राजा हाच! शेवटी मिरांडा एकदम इतकी माणसे पाहून जगाच्या नवेपणाने हरखते. बाप तिला शांतपणे आठवण करून देतो की हे जग तिच्यापुरतेच नवे आहे. समोरच्या मंडळींत त्याच्या जिवावर उठलेला सख्खा भाऊ आहे.

मला बोलायचे आहे ते कॅलिबनविषयी. आम्ही तुला भाषा शिकवली, असे त्याला सुनावले जाते. तो उत्तर देतो, तिचा मला लाभ एवढाच की मी आता शिव्याशाप देऊ शकतो. आयुष्यभर इंग्रजी शिकवताना या जागी वर्गात दरवेळी शांतता पसरलेली मी पाहिली आहे. परंतु नाटक तेवढ्यावर थांबत नाही. त्या बेटावरच्या नादांचे, स्वप्नातून जागे झाल्यावर पुन्हा निजावेसे वाटण्याचे जे वर्णन आहे, ते नाटकातल्या सर्वांत सुंदर भाषणांपैकी एक. आणि शेक्सपिअरने ते कॅलिबनच्याच तोंडी, त्याच शिकवलेल्या भाषेत दिले आहे. त्याआधी त्याची स्वतःची भाषा कोणती होती? मिरांडाला ती नुसती बडबड वाटली होती. तिचा एकही शब्द आपल्या कानावर येत नाही. हॅरियटने जे केले ते प्रॉस्परोने केले नाही.

हाच हॅरियट १६०९ च्या जुलैत दुर्बीण चंद्राकडे वळवून त्याचे चित्र काढतो, गॅलिलिओच्या काही महिने आधी. समुद्रापलीकडची बेटे ओळखीची होऊ लागली तशी कल्पना वर सरकली. १६३८ साली, लेखकाच्या मृत्यूनंतर, बिशप फ्रान्सिस गॉडविनचे ‘चंद्रावरचा माणूस’ प्रसिद्ध झाले. त्यातला स्पॅनिश नायक रानहंसांच्या थव्याला बांधलेल्या यंत्रावर बसून चंद्रावर जातो. तिथल्या लोकांची भाषा सुरांची आहे. चिनी भाषेविषयी जेझुइटांनी जे लिहिले होते त्यावरून बिशपला ही कल्पना सुचली. चंद्रावर गुन्हे नाहीत. कारण? जन्मतःच ज्या मुलांत दुष्टपणाची लक्षणे दिसतात ती पृथ्वीवर पाठवून दिली जातात, बहुधा उत्तर अमेरिकेतल्या एका डोंगरावर. आदर्श समाजाची ही किंमत बिशपसाहेबांनी हसत सांगितली आहे. फ्रान्सिस बेकनचे ‘न्यू अटलांटिस’ त्याआधीचे, १६२६ साली तो वारल्यानंतर छापलेले आणि अपुरे. त्यातली संशोधनसंस्था पुढे रॉयल सोसायटीला प्रेरक ठरली, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. वाचायला मात्र ते मला सरकारी अहवालासारखे वाटते.

त्यापेक्षा मार्गारेट कॅव्हेंडिश वाचावी. न्यूकॅसलच्या या उमरावपत्नीने १६६६ साली ‘द ब्लेझिंग वर्ल्ड’ प्रसिद्ध केले. एका तरुणीला कोणी व्यापारी पळवून नेतो. जहाज वादळाने उत्तर ध्रुवावर जाते. पळवणारे गारठून मरतात आणि ती ध्रुवाशी जोडलेल्या दुसऱ्या जगात शिरून तिथली सम्राज्ञी होते. तिथे अस्वलमाणसे, मत्स्यमाणसे, पक्षीमाणसे आहेत, आणि प्रत्येक जातीकडे एकेक शास्त्र. अस्वलमाणसे दुर्बिणीतून आकाश पाहून आपापसांत एवढी भांडतात की सम्राज्ञी दुर्बिणी फोडायचा हुकूम देते. मग ती गयावया करतात की वाद घालण्याचे आमचे सुख तेवढे काढून घेऊ नका. रॉयल सोसायटीची ही थट्टा करणारी बाई पुढच्याच वर्षी त्या सोसायटीत पाहुणी म्हणून गेली. तिथे पाऊल ठेवणारी ती पहिली स्त्री. सभासद होणे तिला शक्य नव्हते. प्रस्तावनेत ती म्हणते, राजेरजवाडे होणे माझ्या नशिबी नाही म्हणून मी माझे जग निर्माण केले. ज्याला हवे त्याने आपले करावे, मला त्यात दोष दिसत नाही. आजवरच्या सगळ्या पुरुषांनी नवे जग शोधल्याचा आव आणला होता. आपण ते रचले आहे, असे हिने सरळ सांगितले.

१६६७ साली मिल्टनचे ‘पॅरडाइज लॉस्ट’ आले. अंध कवीने सांगून लिहवून घेतलेले हे महाकाव्य सर्वांत जुन्या जगाचे, ईडनच्या बागेचे. आज्ञाभंगानंतर आदाम आणि ईव्ह यांना नग्नतेची लाज वाटते आणि ते झाकायला पाने शोधतात. बायबलात अंजिराचे झाड आहे. मिल्टन स्पष्ट करतो की ते फळांसाठी प्रसिद्ध असलेले नव्हे. मलबारात आणि दख्खनमध्ये ज्याच्या फांद्यांतून मुळे जमिनीत उतरतात आणि ज्याखाली गुराखी सावलीला बसतात, ते. म्हणजे वड. आपला दख्खनचा वड ईडनमध्ये उभा आहे. पाने तो ढालीएवढी सांगतो. जेरार्ड नावाच्या इंग्रजाच्या वनस्पतिग्रंथातले वर्णन त्याच्यासमोर होते, वडाचे पान नव्हते. आणि त्या पानांनी अंग झाकलेल्या जोडप्याची तुलना तो कोणाशी करतो? कोलंबसाला भेटलेल्या, पिसांचा कटिबंध ल्यालेल्या अमेरिकनांशी. थोड्या ओळींत ईडन, दख्खन आणि अमेरिका.

पण ईडनची कथा एका इंग्रजाने याच्या पन्नास वर्षे आधी लिहिली होती, आणि ती मराठीत. थॉमस स्टीफन्स, विल्टशरचा. कॅथलिक असल्यामुळे एलिझाबेथच्या इंग्लंडात त्याला जागा नव्हती. ४ एप्रिल १५७९ रोजी तो लिस्बनहून निघाला आणि २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. हिंदुस्थानात येऊन राहिलेला, नोंद असलेला पहिला इंग्रज म्हणून तो ओळखला जातो. वडिलांना त्याने लिहिलेले प्रवासाचे पत्र रिचर्ड हॅक्लुइटच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले. म्हणजे इंग्लंडमध्ये नव्या जगांची स्वप्ने पाहणाऱ्यांनी ते वाचले. हॅक्लुइटच्या १५८९ च्या त्याच संग्रहात मँडेव्हिलही होता. पुढच्या आवृत्तीत मँडेव्हिल गळला. स्टीफन्स टिकला.

तो सासष्टीत राहिला, चाळीस वर्षे, १६१९ साली मृत्यू येईपर्यंत. इथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य आहे, हे त्याने १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात नोंदवले आहे. १६१६ साली, ‘यूटोपिया’नंतर बरोबर शंभर वर्षांनी आणि शेक्सपिअर वारला त्याच वर्षी, त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापले गेले: सुमारे अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत, मराठीत, मधूनमधून कोंकणीची छटा घेऊन. सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम आणि ईव्ह, सारे ओवीत. स्वर्गाला शब्द ‘वैकुंठ’. आरंभी त्याने मराठीची जी स्तुती केली आहे ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे.

तिची नुसती आरती करून चालणार नाही. ज्या सासष्टीत हे लिहिले गेले तिथली देवळे पाडली गेली होती. जुनी पुराणे लोकांकडून काढून घेतली होती, म्हणूनच नव्या धर्मात आलेल्यांना ऐकायला दुसरे पुराण हवे झाले. स्टीफन्स त्या सत्तेच्या बाजूने आला होता. आणि तरीही बेटावर उतरल्यावर त्याने आपली भाषा दुसऱ्याच्या तोंडी घातली नाही. दुसऱ्याची भाषा, तिच्या छंदासकट, स्वतःच्या तोंडी घेतली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

या ग्रंथाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या. पुढे तो हस्तलिखितांच्या रूपाने जगला, आणि जपला तो मोठ्या प्रमाणात गोवा सोडून दक्षिणेकडे गेलेल्या कोंकणी भाषक ख्रिस्ती कुटुंबांनी. १९०७ साली तो पुन्हा छापला गेला तोही मंगळुरात, मराठी मुलखाबाहेर. देवनागरी आवृत्ती पुण्यात निघाली १९५६ साली. ती प्रत मी बरोबर आणली आहे. अध्यक्षांची अनुमती असेल तर तिच्यातल्या ईडनच्या बागेच्या काही ओव्या आता वाचून दाखवतो.